नुसते ठोके मोजून भागत नाही
गाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७० आहेत, म्हणजे ती निवांत आहे, असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही हो. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते बघायला हवं. व्हेगस मज्जातंतूचं (मेंदूकडून हृदयाकडे येणारी, ठोके संथ ठेवणारी नस) काम नीट चालू असेल तर हे अंतर काही मिलिसेकंदांनी सारखं बदलत राहतं. ताण, दुखणं, उन्हाचा तडाखा आला की ते एकसुरी होत जातं, कधी कधी ठोके तेवढेच असूनही! मात्र गाय उभी आहे की बसलेली, रवंथ करतेय का, हे नोंदवाच. नुसती उठली तरी आकडे बदलतात. ठोके टिपायला अंगावर लावतात त्या इलेक्ट्रोडखालचे केस भादरून जेल भरपूर लावा. एखादा ठोका टिपायचा निसटला तरी पाच मिनिटं घेतलेली अख्खी नोंद बिघडते. आणि शेजारच्या गाईशी तुलना नको, तिचीच आधीची नोंद धरा.