मदत हवी आहे: अँटिबायोग्राममध्ये ३० आयसोलेट भरत नसतील तर?

रुग्णालयाचा वार्षिक अँटिबायोग्राम (कोणता जिवाणू कोणत्या अँटिबायोटिकला किती टक्के दाद देतो, याचा तक्ता) करतोय. टक्केवारी छापायला प्रत्येक जिवाणूचे किमान ३० आयसोलेट (रुग्णाच्या नमुन्यातून वेगळे वाढवलेले जिवाणू) हवेत. एका रुग्णाचा, एका जिवाणूचा वर्षातला पहिलाच आयसोलेट धरला, स्क्रीनिंगचे स्वॅब (जिवाणू अंगावर आहे का एवढंच पाहायला घेतलेले) वगळले. ही गाळणी नसेल तर एकाच रुग्णाचा चिवट क्लेब्सिएला जिवाणू पुन्हापुन्हा मोजला जातो आणि प्रतिकाराची टक्केवारी फुगते.

लघवीतला ई. कोलाय भरपूर आहे, तिथे प्रश्न नाही. अडचण आयसीयूतल्या ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूची. १२ पैकी ३ संवेदनशील (औषधाला दाद देणारे) म्हणून २५ टक्के छापणं मला धोक्याचं वाटतं. एक आयसोलेट इकडचा तिकडे झाला की आकडा ८ टक्क्यांनी हलतो. आणि याच आकड्यावर कुणीतरी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू करणार!

दोन वर्षांचे आकडे एकत्र करावेत, की वॉर्डचे त्यात मिसळावेत? मिसळले तर आयसीयूतला प्रतिकार झाकला जाईल ही भीती आहे. तुम्ही काय करता? तळटीप नेमकी कशी लिहिता?