एकटा बाप, दोन लेकरं, नेर ते पुणे: सामान कसं बांधावं?

नेर_परसोपंत

मे महिन्यात दोन लेकरं घेऊन एकट्याने पुण्याला जायचं आहे. पोरगी ४ वर्षांची, पोरगा १० महिन्यांचा, तो डब्याच्या दुधावर आहे. नेरहून दुपारच्या एसटीने बडनेरा, तिथून रेल्वेने रात्रभर. सोबत मोठं माणूस कोणी नाही. तिकिटं किती काढावी, सामान कशात भरावं, दुधाचं काय करावं, आणि मला लघवीला जायचं झालं तर लेकरं कोणाजवळ ठेवावी? आईसाठी लिहिलेलं पुष्कळ सापडतं, बापासाठी काही सापडून नाही राहिलं.

बडनेरा_जंक्शन

भाऊ, पहिले तिकिटाचं बघा. रेल्वेत ५ वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. एका बर्थवर तुम्ही तिघं रात्र काढू शकत नाही, कोणीतरी खाली पडेल. म्हणून पोरीचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढा आणि तिच्या नावाचा बर्थ घ्या. लहान्याला तिकिटाशिवाय नेता येतं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मे म्हणजे लग्नसराई अन् सुट्या, त्यामुळे त्याच दिवशी काढा. लेडीज कोटा तुम्हाला लागू नाही, पोरगी सोबत असली तरी. परवडत असेल तर थर्ड एसी घ्या. उन्हाळ्यात दुपारी स्लीपरच्या खिडकीतून झळा येतात, त्या १० महिन्यांच्या जिवाला सोसत नाहीत.

एसटीत ५ वर्षांच्या आत फुकट आहे. नेरहून बडनेऱ्याकडे बस उत्तरेला जाते, म्हणजे दुपारी पश्चिमेचं ऊन डाव्या हाताला येतं. ड्रायव्हरच्या बाजूची, म्हणजे उजवीकडची सीट धरा. मागच्या चाकावर बसू नका, तिथं दणके जास्त बसतात आणि पोरीला उलटी होईल. दोन पॉलिथिनच्या पिशव्या एकात एक घालून खिशात ठेवा, आधी फुंकून बघा की भोक नाही. सीटवरून उठून सामानातून पिशवी काढायला तेव्हा वेळ नसतो.

सामान म्हणजे पाठीवर एक सॅक, छातीशी लेकरू, कमरेला पाऊच. एवढंच. एक हात पोरीचा, एक हात दांडीचा, तिसरा हात तुमच्याजवळ नाही. चाकाची बॅग नेऊच नका. एसटीच्या पायऱ्या चढताना, पुलावर आणि गर्दीत ती उचलावीच लागते, आणि ती उचलली की पोरीचा हात सुटतो. सॅक ७-८ किलोच्या वर जाऊ देऊ नका. जास्तीचे कपडे आधी पार्सलने पाठवा. पाऊचमध्ये तिकीट, पैसे, मोबाइल, दोन रुमाल, थोड्या सुट्या नोटा. पाऊच झोपेतही सोडायचा नाही.

अंगणवाडी_ताई

दादा, दूध सगळ्यात आधी, कारण चूक झाली तर तिथंच होते. तयार करून बाटलीत भरलेलं दूध नेऊ नका, उन्हाळ्यात ते नासतं आणि जुलाब लागतात. पावडर आधीच मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरा, एक डबा म्हणजे एक वेळचं दूध. बहुतेक पावडरींत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, पण तुमच्या डब्यावर काय लिहिलं आहे तेच प्रमाण घ्या. थर्मासमध्ये निघताना उकळतं पाणी भरा. दुसऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी. १८० मिलीसाठी आधी ९० मिली गरम पाण्यात पावडर विरघळवा, मग ९० मिली गार पाणी घाला. असं केलं की गरम पाण्याच्या चटक्याने पावडरीतले जंतू मरतात आणि दूध प्यायला लगेच कोमट मिळतं. मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेलं तासाभराने फेकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. थर्मास कोमट झाला की चहावाल्याकडून भांडं समोर उकळवून घ्या.

बाटलीऐवजी वाटी-चमचा नेला तर फार बरं. अंगणवाडीत बाटली नको म्हणतो ते याच्याचसाठी, बुचाच्या आत जी साय राहते ती गाडीतल्या नळाखाली निघत नाही. स्टीलच्या दोन वाट्या, चार चमचे, वापरलेलं वेगळ्या पिशवीत.

लहान्याला सातूचं पीठ न्या, गरम पाण्यात कालवायचं, गूळ थोडा. केळं चालतं. वर्ष व्हायचं आहे, म्हणून मध नाही. पोरीला दशम्या द्या, दुधात मळलेल्या आणि कोरड्या भाजलेल्या, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. फुटाणे, शेंगदाणे सोबत घेऊ नका. दणका बसला की दाणा श्वासनलिकेत जातो, आणि चालत्या गाडीत ते फार कठीण पडतं.

डायपर दर ३-४ तासांनी बदलायचा, म्हणजे एवढ्या प्रवासाला ७, आणि वर ३ जास्तीचे. प्रत्येकाची वेगळी पुडी बांधा: एक डायपर, एक झबलं, थोडा ओला कापूस, एक रिकामी पिशवी. अंधारात एक पुडी उचलली की झालं. वापरलेला संडासात टाकू नका, बायो-टॉयलेट तुंबतं. पिशवीत बांधून डस्टबिनमध्ये टाका.

औषधात ओआरएस आणि पॅरासिटामॉल. दोन्ही डॉक्टरांना विचारून, लहान्याचं वजन सांगून. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदीचं मिळतं, ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. नावं तीच, म्हणून बाटलीवर वाचल्याशिवाय मात्रा देऊ नका.

मोझरी_रोड

ओआरएसबद्दल एक भर. पुड्या दोन मापाच्या येतात, २०० मिलीची आणि १ लिटरची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ फार जास्त होऊन लेकराला अपाय होतो. लहान पुड्या न्या आणि २०० मिलीची खूण असलेली बाटली न्या. झोप यावी म्हणून कोणतंही सिरप देऊ नका, कोणी कितीही सांगो.

नेर_परसोपंत

ताई, भाऊ, मनापासून आभार. लघवीचं आणि उतरायचं राहिलं. आणि लहान्याला झोपवायला दोन बर्थच्या मध्ये झोया, म्हणजे कापडाची झोळी, बांधू का?

बडनेरा_जंक्शन

झोया नका बांधू. बर्थची साखळी माणसाचं वजन पेलायला असते, पण तिचा आकडा झटक्याने निसटतो, आणि वरचा प्रवासी उतरताना पाय झोळीवरच पडतो. लहान्याला भिंतीकडून झोपवा, तुम्ही बाहेरून. सॅक बर्थखाली, पट्टा पायाला बांधून.

लघवीला तिघांनी मिळून जायचं. लहान्याला छातीशी बांधून ठेवा, मऊ सुती लुगड्याचा तुकडा किंवा बेल्टची कॅरियर चालते, नाक मोकळं हवं. पोरीला दाराच्या आत समोर उभी करा. स्टेशनवर लेकरं कोणाजवळ ठेवू नका. पोरीसाठी रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा न्या, रात्री उठवून गर्दीतून नेण्यापेक्षा बरं.

बाप एकटा आणि लेकरू रडतं आहे, असं दिसलं की लोक विचारतात. विचारू द्या, ते लेकरांच्या काळजीने विचारतात. जन्म दाखल्याची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, आणि आईसोबतचा सगळ्यांचा फोटो मोबाइलात. निघायच्या सकाळी पोरीचा त्याच कपड्यातला फोटो काढा. तिच्या फ्रॉकच्या आत तुमचा नंबर शिवून टाका. बाहेर नाव लिहू नका, नाव वाचून कोणीही हाक मारू शकतो. १०९८ ही लेकरांसाठीची हेल्पलाइन आणि १३९ रेल्वेची, दोन्ही मोबाइलात साठवून ठेवा.

चढताना पोरगी आधी, तुम्ही लगेच मागे. उतरताना उलट. पुण्याच्या अर्धा तास आधी सगळं बांधून बसा. गाडी पूर्ण थांबली की तोंड डब्याकडे करून, दांडी धरून तुम्ही आधी उतरा, मग पोरीला काखेत धरून खाली घ्या. ती आधी उतरली आणि लोकांचा लोंढा मध्ये आला, तर तुम्ही वर आणि ती खाली.