‘पाल्हाळ’ हा दोषच का?

पडवी : एका इंग्रजी ललितनिबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेचा अनुवाद करीत आहे. एका आठवणीतून दुसरीत सहज शिरणे हेच या निबंधकाराचे बलस्थान आहे, असे प्रस्तावनाकार सांगतो. मी ‘पाल्हाळीक शैली’ असे लिहिले, तर ‘ही स्तुती आहे की तक्रार?’ असा शेरा मारून संपादकांनी शब्द खोडला. रमतगमत, वाटा बदलत सांगण्याला दूषण न लावणारा शब्द मराठीत आहे का?

कोशकीटक : संपादकांचे बरोबर आहे. पाल्हाळ आपण ‘लावतो’, आणि तगादा, भुणभुण, लांबण अशा ज्या गोष्टी लावल्या जातात, त्यांचे कोणी कौतुक करीत नाही. शिवाय अर्थही नेमका बसत नाही. काल एसटी का चुकली एवढेच विचारल्यावर जो आदल्या रात्रीच्या पिठल्यापासून सुरुवात करतो, पण अखेर स्टँडवर पोहोचतो, त्याचे ते पाल्हाळ. जो पिठल्यावरून डाळीच्या भावात शिरतो आणि स्टँडवर पोहोचतच नाही, त्याचे विषयांतर. तुमचा निबंधकार दुसऱ्या जातीचा दिसतो.

उंबरठा : ‘लावणे’ या क्रियापदावरून निकाल देऊ नये, जीव आणि लळाही आपण लावतोच. हा शब्द पालवी, पालवणे यांच्याच घरातला असावा असे मला फार दिवसांपासून वाटते, आणि फांद्या फुटण्यात दोष कसला? श्रावणातली कहाणी सांगताना आमची आजी प्रत्येक जावेच्या माहेरची चौकशी करून पुढे सरकत असे आणि शेवटी ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून हात जोडत असे. साठच्या साठ उत्तरे ऐकावी लागली, अशी तक्रार आम्ही कोणी कधी केली नाही.

कोशकीटक : ध्वनी जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. आणि जुळली असे धरले, तरी आजचा वाचक पालवी आठवून वाचत नाही.

दुसरी घंटा : अर्थ घसरतात, तसे ते वर का चढू नयेत? ‘चर्पटपंजरिका’ हे शंकराचार्यांच्या नावावरचे वैराग्यपर स्तोत्र, ‘भज गोविन्दम्’ हे त्याचे पालुपद; मराठीत मात्र चर्पटपंजरी म्हणजे कंटाळवाणी बडबड. पालुपद पुन्हा पुन्हा कानावर पडून हे झाले असावे, हा माझा तर्क. मूळ प्रश्नापुरते सांगायचे, तर ‘ऐसपैस’ लिहावे. ऐसपैस गप्पांना कोणी नावे ठेवीत नाही.

शुद्धमती : ऐसपैस घर असते, ओसरी असते, शैलीला तो शब्द लावणे म्हणजे बोलीतला सैलपणा छापील मजकुरात आणणे होय. ‘स्वैर’ हा रुळलेला शब्द असताना ही उसनवारी कशासाठी? आणि ‘पाल्हाळीक’ हे रूपही मला खटकते. सामाजिक, धार्मिक यांप्रमाणे ‘पाल्हाळिक’ असेच लिहावयास हवे.

कोशकीटक : ‘स्वैर’ या शब्दाला ‘स्वैराचार’ कायमचा चिकटलेला आहे, त्यामुळे दूषण टळत नाही. रूपाबाबत म्हणाल, तर १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनुसार तत्सम नसलेल्या शब्दांत शेवटच्या अकारान्त अक्षरापूर्वीचा इकार दीर्घ लिहिला जातो. पाल्हाळ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही, म्हणून ‘पाल्हाळीक’.

शुद्धमती : ‘इक’ हा प्रत्यय तर संस्कृतच आहे. प्रत्यय संस्कृताचा घ्यायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्र मराठीचे ठेवायचे, हे मला पटत नाही.

उंबरठा : आणि वर ‘ते पाल्हाळ’ असे नपुंसकलिंगी लिहिले आहे, त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. आमच्या घरी ‘तो पाल्हाळ’ असेच म्हणत आणि मी तेच म्हणणार.

दुसरी घंटा : आमच्याकडे ‘ते’. कोकणात काय म्हणतात, ते तिकडच्या कोणी लिहावे.