सी-ई च्या गोळ्या आणि पेशीची स्वतःची यंत्रणा

असं म्हटलं जातं की मधुमेहात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट्स या रेणूंचा ताण) वाढतो, म्हणून तो कमी करणाऱ्या व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या रोज घ्याव्यात. पहिला भाग बरोबर. दुसऱ्याची मात्र मला काळजी वाटते.

पेशीतलं एनआरएफ-२ हे प्रथिन एरवी कीप-१ या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि सतत नष्ट केलं जातं. ऑक्सिडंट्स वाढले की कीप-१ ची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडंट्सना निष्प्रभ करणारा पदार्थ) बनवणारी जनुकं चालू करतं. म्हणजे थोडा ताण हाच पेशीला मिळणारा इशारा! (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटलेजसारखी संरक्षक एन्झाइम्स मुळातच फार कमी, म्हणून त्या लवकर कोलमडतात.)

तो इशाराच गोळीने दाबला तर? २००९ मध्ये जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुण पुरुषांकडून ४ आठवडे व्यायाम करून घेतला. ज्यांना रोज १००० मिग्रॅ सी आणि ४०० युनिट ई दिलं, त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता (शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद) सुधारलीच नाही; बाकीच्यांची सुधारली. ही माणसं निरोगी होती, हे मान्य. पण अनेक मधुमेही असलेल्या होप नावाच्या मोठ्या चाचणीतही व्हिटॅमिन ई मुळे हृदयविकार कमी झाला नव्हता.

एनआरएफ-२ औषधाने जोरात चालू करणंही सोपं नाही. टाइप-२ मधुमेह आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांवरची बार्डोक्सोलोन या एनआरएफ-२ चालू करणाऱ्या औषधाची चाचणी २०१२ मध्ये हृदयाच्या गुंतागुंतींमुळे थांबवावी लागली.

कमतरता पाहून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र कृपया मनाने बंद करू नका.