राज्यपाल चुकले, मग कोर्टाने सरकार परत का आणलं नाही?

नवा_वाचक: ११ मे २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्या राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला, तरी ठाकरे सरकार परत आलं नाही. चूक मान्य आणि उपाय नाही, असं कसं? न्यायाधीशांचा अधिकार नेमका कुठे संपतो?

घटनापीठ: राजीनाम्यापाशी. चाचणी ३० जून २०२२ ला होती, मुख्यमंत्री ठाकरेंनी राजीनामा २९ च्या रात्रीच दिला. राज्यपालांपुढे बहुमत गेल्याचा ठोस पुरावा नव्हता, म्हणून आदेश बेकायदा. पण स्वेच्छेने दिलेला राजीनामा कोर्ट पुसू शकत नाही. अरुणाचलात २०१६ मध्ये कोर्टाने मुख्यमंत्री नबाम तुकींचं सरकार परत आणलं, कारण तिथे राजीनामा दिलेलाच नव्हता. राजीनामा दिला नसता, तर इथेही कोर्टाला काही करता आलं असतं. मला ही मर्यादा योग्य वाटते. मुख्यमंत्री नेमणं न्यायाधीशांचं काम नाही.

दहावी_सूची: निकालाच्या या भागाशी सहमत. खरी अडचण पक्ष सोडणाऱ्या आमदारांच्या अपात्रतेची. ती विधानसभा अध्यक्षांनी ठरवायची आणि कोर्टाने नंतर तपासायची, हे सुप्रीम कोर्टाच्या किहोतो निकालापासून (१९९२) पक्कं आहे. पण अध्यक्ष सहसा सत्ताधारी पक्षाचे, आणि दहाव्या सूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या नियमांत, मुदतच लिहिलेली नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात कोर्टाने साधारण ३ महिने सांगितले. महाराष्ट्रात मात्र 'वाजवी वेळेत' एवढंच म्हटलं. पुढे ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख द्यावी लागली, ती १० जानेवारी २०२४ पर्यंत वाढली. पाच वर्षांच्या विधानसभेत दीड वर्ष असं गेलं. पहिल्याच दिवशी तारीख दिली असती, तर अध्यक्षांच्या अधिकाराला धक्का लागला नसता.

नवा_वाचक: मुदत पाळली नाही तर?

दहावी_सूची: मणिपूरमध्ये पक्षांतर केलेल्या एका आमदाराबद्दल ठरवायला अध्यक्षांना ४ आठवडे दिले होते, ते उलटले. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम १४२ (पूर्ण न्यायासाठीचा खास अधिकार) वापरून त्या आमदाराला मंत्रिपदावरून हटवलं आणि विधानसभेत यायला बंदी केली. हे अगदी टोकाचं पाऊल, रोज उचलायचं नाही.

घटनापीठ: उलट बाजूही बघा. जून २०२२ मध्ये विधानसभा उपाध्यक्षांनी शिंदे गटाच्या बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीला उत्तर द्यायला जेमतेम दोन दिवस दिले. कोर्टाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली आणि तोवर सरकार बदललं होतं. त्यामुळे अपात्रतेचा अर्ज करणाऱ्याने समोरच्या आमदाराला नियमाप्रमाणे पूर्ण मुदतीची नोटीस मिळेल हे पाहावं, आणि निर्णय रखडला तर लगेच कलम २२६ खाली हायकोर्टात जाऊन, अध्यक्षांनी कधीपर्यंत निर्णय द्यावा याची फक्त मुदत मागावी. अपात्रतेचा निकालच मागितला, तर कोर्ट बहुधा अध्यक्षांकडे परत पाठवतं.