दम्याच्या औषधाची चाचणी, मूल ९ वर्षांचं: सहीआधी काय बघायचं?

माहीमची_आई:
इनहेलरची १२ आठवड्यांची चाचणी आहे, केंद्र परळला. संमतिपत्रात काय तपासायचं? घरी रोज पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर येते, तो मीटरवरचा आकडा) लिहायचाय, तो कसा घ्यायचा?

संशोधन_समन्वयक:
तिथल्या तिथे सही नको, कागद घरी आणून वाचा. सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागून संकेतस्थळावर बघा. एथिक्स कमिटीचा (सहभागींच्या हक्क-सुरक्षेवर लक्ष ठेवणारी समिती) संपर्क आणि इजा झाल्यास उपचार-भरपाई कोण देणार, हे लिहिलेलं हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती पालकांसमोर घेतात. त्याला समजेल असं सांगितलं का, ते स्वतः ऐका. सहीची प्रत घ्याच.

श्वसन_तंत्रज्ञ:
पीक फ्लो सकाळी, औषधाआधी. उभं राहायचं, मीटरचा काटा तळाशी, पूर्ण श्वास, ओठ घट्ट, एकच जोरदार फुंकर. ३ वेळा घेऊन सर्वात मोठा आकडा लिहा, सरासरी नको. मुलं थुंकल्यासारखी फुंकतात, मग आकडा खोटा वर जातो. बोट काट्याच्या वाटेत आलं की कमी येतो. आणि राहिलेला आकडा रात्री अंदाजाने भरू नका, कोरा सोडा. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) साबणपाण्याने धुऊन निथळत ठेवा, फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध आत चिकटतं.

माहीमची_आई:
आत्ताचं औषध बंद करतील का?

संशोधन_समन्वयक:
हे आधी विचारायलाच हवं! चाचणीचं औषध न मिळणाऱ्या दुसऱ्या गटाला काय मिळणार, तेही. तातडीचा इनहेलर मात्र दप्तरात राहू दे, वर्गशिक्षकांना कळवा.