सासूबाईंचा सीओपीडी आणि चिनी नाडी

धायरीची_सून:
सासूबाई ६८ वर्षांच्या. तंबाखू-विडी कधीच नाही, पण वेल्ह्याच्या घरी निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं. स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकून करतात ती श्वासाची तपासणी) सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार निघाला, इन्हेलर चालू आहे. शेजारच्या काकूंनी फारच गळ घातली म्हणून कोथरूडला चिनी पद्धतीने तपासणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ वर उचलायला लावून खालच्या शिरा बघितल्या. म्हणाल्या, "फुप्फुसाची शक्ती कमी, कफ साचलाय, रक्त थबकलंय. धमन्या कडक होतायत." वर काढ्याच्या पुड्या. तेव्हापासून सासूबाई येईल त्याला जीभ दाखवतायत! असं जिभेवरून कळतं का?

पेठेतला_पेन्शनर:
पुण्यात जिभेवरून फक्त पेठ कळते. धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी करा.

दम_आहे_अजून:
काकांचं सोडा, ताई. भोसरीच्या फाउंड्रीत नोकरी, जोडीला सिगारेट, त्यामुळे सीओपीडी माझ्याही नशिबी आलाय. बाईंनी काढलेला निष्कर्ष कच्चा आहे, पण शंका रास्त आहे. या आजारातली सूज फुप्फुसापुरती राहत नाही, रक्तातही उतरते. धमन्यांचा लवचीकपणा जातो, आत चरबीचे थर धरायला वाव मिळतो. दम एकदम बळावला की त्यानंतरचे काही दिवस हार्ट अटॅकचा धोका बराच वाढलेला असतो. मला हे कुणी आपणहून सांगितलं नाही. छातीचे डॉक्टर छातीचं बघतात, हृदयाचं विचारलं की दुसरी चिठ्ठी.

चिनी वैद्यकात जांभळट जीभ आणि फुगलेल्या शिरा म्हणजे रक्त थबकलं असं धरतात. पण ऑक्सिजन उतरला तरी जीभ जांभळी पडते. आधी ऑक्सिमीटर लावा. धमनीच्या भिंतीची जाडी मानेच्या सोनोग्राफीत दिसते, नाडीवरच्या बोटांना नाही. बीपी, साखर, लिपिड, ईसीजी तरी करून घ्याच.

औषधवाली_सिंहगडरोड:
मला पुड्यांची काळजी वाटते. त्यात दानशेन ही चिनी मुळी असेल आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. मा-हुआंग म्हणजे एफेड्रा ही वनस्पती, त्याने बीपी आणि ठोके चढतात. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत सर्रास असतं. आपण घशासाठी चघळतो तेवढ्याने काही होत नाही, पण रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वर आणि पोटॅशियम खाली. इन्हेलरमधल्या सालबुटामॉलनेही पोटॅशियम उतरतं. पुडीत काय आहे ते लिहिलंय का?

धायरीची_सून:
फक्त "सकाळ-संध्याकाळ" लिहिलंय! ठेवून दिल्या. ऑक्सिमीटर ९१ दाखवतोय, हात चोळून गरम केला तरी तेवढाच.

औषधवाली_सिंहगडरोड:
मग उद्याच डॉक्टरांना दाखवा, पुड्याही सोबत न्या. बसल्या जागी दम लागला किंवा ओठ निळे पडले तर उद्याची वाट बघू नका.

धायरीची_सून:
नेते. सासूबाईंची एकच अट आहे, गुडघ्यासाठी अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतात त्या बंद करायच्या नाहीत. बरं वाटतंय म्हणे.

दम_आहे_अजून:
टोचू द्या की. इन्हेलर तेवढा चुकवू देऊ नका.